चौथऱ्यावरचं इंजिन

स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंग फासलेलं वाफेचं इंजिन उभं करायचं आणि म्हणायचं, 'वारसा जपला'! अहो, हे जपणं नव्हे, पेंढा भरणं आहे.

इथे पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्ग रेलरोड आहे. सनद १८३२ ची, लांबी जेमतेम ७ किलोमीटर. तिचं ९० नंबरचं इंजिन १९२४ चं. पूर्वी ते कोलोरॅडोत साखर कारखान्याचं बीट ओढायचं (आपल्याकडे ऊस म्हणा). कायदा सांगतो: १४७२ दिवस चाललं किंवा १५ वर्षं झाली, जे आधी होईल तेव्हा, बॉयलर उघडून तपासा. हे करणारे हात त्यांच्याच वर्कशॉपात आहेत, म्हणून ते शंभरी ओलांडूनही धावतं. बाहेरची इंजिनंही तिथे दुरुस्तीला येतात.

"पैसा कुठून आणायचा?" तिकिटांतून, आणि त्या बाहेरच्या कामांतून.

दार्जिलिंग-रेवाडीसारखे अपवाद सोडा. आपले वाफेवरचे फिटर केव्हाच निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली शिकायला किती पोरं ठेवली होती?