‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे!

सणासुदीला भांडण उकरून काढू नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. पण जे भांडण माणसे वर्षभर खिडकीखिडकीपाशी मुकाट्याने गिळतात, ते निदान एकदा, चकलीचा तुकडा मोडता मोडता, मोकळेपणाने मांडायला काय हरकत आहे? माझे भांडण दोन शब्दांशी आहे. सर्व्हर डाऊन! दाखला काढायला जा, पासबुक भरून घ्यायला जा, रेशन आणायला जा. हे दोन शब्द वहीच्या फाटक्या पानावर लिहून काचेला चिकटवलेले असतात. खाली तारीख नसते, वेळ नसते. सही तर नसतेच नसते.

पूर्वी ‘साहेब जागेवर नाहीत’ असे उत्तर मिळे. त्या उत्तरात एक दिलासा होता. साहेब हा हाडामांसाचा माणूस असे आणि चहा पिऊन केव्हातरी परत येई. सर्व्हर कुणी पाहिलेला नाही. त्याच्या नावाने काहीही खपते. पाऊस पडला नाही तर ज्या सुरात आपण ‘देवाची मर्जी’ म्हणतो, त्याच सुरात आता कारकून ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो, आणि आपणही मान डोलावून घरी येतो!

पनवेलला नेटवर्क आणि वेबसाइटी दुरुस्त करून मी पोट भरतो. पाटीवर ‘आयटी सल्लागार’ असे भारदस्त नाव आहे. काम मात्र टेबलाखाली वाकून तारा चाचपण्याचे. या धंद्याच्या आधाराने सांगतो, की ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून मला बोलावणे येते तेव्हा बहुतेक वेळा सर्व्हर आपल्या जागी ठणठणीत असतो. केर काढताना राऊटरची पिन निसटलेली असते. कुणी घरचा जुना राऊटर आणून जोडलेला असतो, आणि तो उपटसुंभ कारभाऱ्यासारखा सगळ्या संगणकांना भलतेच पत्ते वाटत सुटतो. कुठे संगणकाच्या पोटातला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्या यंत्राला वाटते अजून 2009 साल चालू आहे, आणि मग आजच्या सुरक्षित वेबसाइटींची प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटतात. दोष तारखेचा, आणि बदनामी सर्व्हरची!

गेल्या पावसाळ्यात एका कचेरीत (नाव सांगत नाही, सांगायचे कारणही नाही) तीन दिवस हा कागद लटकत होता. मी विचारले, “कुणाला कळवलंत?” “वर कळवलंय.” “वर म्हणजे कुठे?” त्या गृहस्थांनी नुसते छताकडे पाहिले. तक्रारीचा क्रमांक नव्हता, कारण तक्रारच नव्हती. प्रत्येकाला वाटत होते, दुसऱ्याने केली असेल. टेबलाखाली पाहिले तर एकाच तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये कुणीतरी खोचून ठेवलेली. टोक लोंबकळताना दिसले, ते नीट जागी बसवले, एवढाच त्याचा सद्भाव! पण त्यामुळे एकच निरोप गोल गोल फिरत, फिरता फिरता वाढत, सगळी वाट अडवून बसला होता. टोक उपटल्यावर दोन मिनिटांत काम सुरू झाले. त्या तीन दिवसांत नेऱ्याहून, वावंज्याहून रोज बुडवून आलेली किती माणसे परत गेली असतील, याचा हिशेब कोण देणार?

माझा राग आहे तो या हिशेबाबद्दल. सर्व्हरची वाट घरात पंख्याखाली बसून पाहणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. ज्याला यंत्रावर अंगठा उमटल्याशिवाय धान्य मिळत नाही, त्याचे बिघडते. 2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा ओटीपीची वाट पाहत किती बायाबापड्या फोन हातात धरून ताटकळल्या! महिन्याच्या दीड हजारांचा प्रश्न होता. त्यांना कुणी सांगितले काय, की अडले आहे ते कुठे? फोनच्या रेंजपाशी, आधारशी जोडलेल्या जुन्या नंबरापाशी, की वेबसाइटवर झुंबड उडाल्यामुळे? ही तीन दुखणी वेगळी, त्यांचे उपाय वेगळे. उत्तर मात्र एकच!

आमच्या पनवेलला 1872 पासून धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना आहे. वैद्यकीची परंपरा असलेले हे गाव. नाडी न पाहता ‘प्रकृती डाऊन आहे, उद्या या’ असे सांगणाऱ्या वैद्याला या गावाने उभे केले असते काय? वैद्याचे सोडा. जुन्या पद्धतीची दिव्यांची माळ विझली, तर घरातले पोरसुद्धा ‘माळ डाऊन’ म्हणून हात झटकत नाही. एकेक दिवा काढून पाहते आणि गेलेला नेमका हुडकते. नेटवर्कची दुरुस्ती याहून निराळी नाही. आधी वीज, मग तार, मग राऊटर, मग नाव-पत्ता, मग शेवटी तो बिचारा सर्व्हर.

कुणी म्हणेल, मोठमोठ्यांचेही सर्व्हर पडतात. पडतात ना! 2025 च्या 20 ऑक्टोबरला, आपण नरकचतुर्दशीचा फराळ आटोपून पान जमवत होतो त्या दुपारी, अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधली अ‍ॅमेझॉनची यंत्रणा कोलमडली आणि जगभरची असंख्य अ‍ॅप बंद पडली. कारण काय? वेबसाइटचे नाव सांगितले की तिचा पत्ता सांगणारी डीएनएस नावाची वही असते. पत्ते आपोआप लिहिणाऱ्या दोन प्रोग्रॅमांची आपसांत शर्यत लागली आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढची जागा कोरी राहिली. पुढच्याच महिन्यात, 18 नोव्हेंबरला, क्लाउडफ्लेअरची पाळी आली; एक फाइल ठरल्यापेक्षा मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्रॅम कोसळला. या कंपन्या काही धर्मशाळा चालवीत नाहीत. पण दोघींनीही केव्हा बिघडले, का बिघडले, हे जगापुढे लेखी मांडले. क्लाउडफ्लेअरने तर त्याच दिवशी. आणि आधी आम्हाला कुणाच्या हल्ल्याचा संशय आला होता, हेही न लपवता लिहिले. त्यांना हे जमते, आणि आमच्या खिडकीला वेळ लिहायला पेन सापडत नाही!

आमच्या धंद्यातली मंडळीही धुतल्या तांदळासारखी नाहीत. कंदील-उटणे विकणाऱ्या एका दुकानदाराची वेबसाइट ऐन वसुबारसेला नाहीशी झाली. वेबसाइट बनवणाऱ्याने तिचे नाव स्वतःच्या खात्यावर नोंदवले होते. तो पुण्याला गेला, नूतनीकरणाची मुदत टळली, पासवर्ड त्याच्यापाशी. गिऱ्हाईक अडाणी राहिले तर आपले दुकान चालते, असा हिशेब करणारे सल्लागार मी पाहिले आहेत. आणि दिवस तर कठीण येत आहेत. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत पूर्वी वर्षाहून थोडी जास्त, 398 दिवसांपर्यंत असे. 2029 पर्यंत ती 47 दिवसांवर आणायचे ठरले आहे. ज्याला वर्षातून एकदा आठवण राहत नव्हती, त्याला आता दीड महिन्याला राहील काय? काचेवरचे कागद वाढणार!

‘सामान्य माणसाला हे काय कळणार?’ हा या मंडळींचा हुकमी एक्का. अहो, पनवेल लोकलने जाणारी कुठलीही बाई विचारा. ओव्हरहेड वायर तुटली म्हणजे आज लवकर निघत नाही, आणि सिग्नलचा बिघाड असेल तर थांबून पाहावे, हे तिला पाठ आहे. कुणी शिकवले तिला? रोज कानावर कारण पडत गेले, ती शिकली. आणि सर्व्हर म्हणजे तरी सातासमुद्रापलीकडचे दैवत थोडेच आहे? योट्टा कंपनीचे एनएम-1 हे अवाढव्य डेटा सेंटर 2020 पासून आमच्या पनवेलातच उभे आहे. सर्व्हर आमचे शेजारी झाले, तरी त्यांचे नाव अजून भुताखेतासारखेच घेतले जाते.

तेव्हा पुढच्या खेपेला तो कागद दिसला तर परत फिरू नका. शांतपणे विचारा: किती वाजल्यापासून बंद आहे? इथेच, की सगळीकडे? कुणाला कळवले, आणि तक्रारीचा क्रमांक काय? ही उत्तरे त्याच कागदावर लिहायला सांगा. वर नाव घालायला सांगा. तिसऱ्या प्रश्नापर्यंत येता येता आतला माणूस उठून टेबलाखाली वाकतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. नाही वाकला, तर त्या कागदाचा फोटो काढा आणि तारीख घालून ठेवा. ‘त्या दिवशी तुम्ही आलाच नव्हता’ असे तीच खिडकी पुढे म्हणते, तेव्हा तो लागतो.