फसलो हे सांगण्यात लाज कसली?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या टोरेस शोरूमला टाळे लागले आणि गुंतवणूकदार रस्त्यावर आले. खडे घ्या, दर आठवड्याला पैसे मिळवा, असे आमिष होते. भाजीविक्रेत्यांचीही कष्टाची कमाई त्यात अडकली. अशा योजनांत सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळतात. ते पाहूनच शेजारीपाजारी, पैपाहुणे ओढले जातात.

आपल्या वस्त्यांतही असे एजंट फिरतात. ते नात्यागोत्यातले असतात म्हणून विश्वास बसतो, आणि म्हणूनच पैसा बुडाल्यावर तोंड उघडत नाही. हे मौनच लुटारूंचे भांडवल आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याने मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे परत देता येतात; पण तक्रारच नसेल तर कायदा काय करणार? पावत्या, पासबुक, मेसेज जपून ठेवा. पोलीस टाळाटाळ करीत असतील तर फसलेले सारे मिळून ठाण्यात जा. फोनवरून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवा. उशीर झाला की पैसा हातचा गेलाच समजा.

बांधवांनो, लाज लुटणाऱ्याला वाटली पाहिजे. तुमच्या एका तक्रारीने पुढचे घर वाचेल.