फास्टर फेणे, मांजरसुंब्याला उतर

“मराठीत कुठं असल्या पिच्चरचे दुसरे पार्ट निघतेत व्हय?”

रविवारी सकाळी बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या फाट्यावरच्या हॉटेलात हे वाक्य कानावर पडलं आणि मी हातातला पेपर खाली ठेवला. बोलणारे गृहस्थ ओळखीचे, पोराला लातूरला अकरावीला सोडायला निघालेले. बाकड्याखाली लोखंडी पेटी, गादीची वळकटी, नवी बादली. भजी येईपर्यंत पोरगं मोबाइलवर ‘फास्टर फेणे’ बघत होतं. पिच्चर संपला तसं त्यानं विचारलं, “पप्पा, ह्याचा दुसरा पार्ट कुठंय?” त्यावर पप्पांनी हे उत्तर दिलं. त्यांचं काही चुकलं नाही. उत्तर खरं आहे, आणि तेच मला आठवडाभर खुपतंय.

दुसरे भाग आपल्याकडं निघतात की! ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन झाले, ‘टाइमपास’चे तीन झाले. १९९३ च्या ‘झपाटलेला’चा दुसरा भाग २०१३ मध्ये थ्रीडीत आला. ‘नवरा माझा नवसाचा’साठी लोक वीस वर्षं थांबले आणि २०२४ मध्ये तोही आला. प्रेमाला दुसरा भाग मिळतो, विनोदाला मिळतो, बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूलाही मिळतो. बारा-चौदा वर्षांच्या पोरांनी श्वास रोखून बघावी अशी साहसकथा मात्र एकदा येते आणि तिथंच थांबते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भा. रा. भागवतांनी बनेश फेणे नावाचा फुरसुंगीचा पोरगा उभा केला. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, संकटात डोकं शाबूत ठेवणारा. त्याच्या वीसेक पुस्तकांवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढल्या. दूरदर्शनवरच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला होता. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला. त्यात अमेय वाघ फेणे झाला, गिरीश कुलकर्णी खलनायक, आणि दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांचीच भूमिका केली. लोकांना तो आवडला. पुढचा भाग येणार, असं तेव्हापासून सगळे धरून चाललेत.

बंगाल्यांकडं बघा. सत्यजित राय यांनी आपल्याच लेखणीतल्या फेलूदा या गुप्तहेराचे दोन चित्रपट केले, १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ आणि १९७९ मध्ये ‘जय बाबा फेलुनाथ’. ते गेल्यावर मुलानं, संदीप राय यांनी, तो वारसा सोडला नाही. एकामागून एक फेलूदा काढले. सुनील गंगोपाध्यायांच्या काकाबाबूचेही २०१३, २०१७, २०२२ असे तीन चित्रपट आले. फेणे थेटरात आला त्याच्या महिनाभर आधी काकाबाबूचा दुसरा भाग लागला होता. ‘सोनार केल्ला’ची गोष्ट जैसलमेरच्या किल्ल्यात जाऊन पोचते. तो बघून बंगाली कुटुंबं आजही पोरांना घेऊन राजस्थानला जातात. एका लेखकाची गोष्ट, एक बाप, एक मुलगा. तेवढ्यावर एका दूरच्या गावाचं नाव बंगालच्या घराघरात गेलं.

आता त्या पेटीवाल्या पोराकडं परत येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

२०१७ चा फेणे पुण्यात येतो तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला. परीक्षेच्या निमित्तानं भेटलेल्या एका मुलाचा मृत्यू होतो, सगळे आत्महत्या म्हणून मोकळे होतात, फेणेला ते पटत नाही. माग काढत गेल्यावर हाती लागतो तो परीक्षेचाच बाजार. आमच्या फाट्यावर बसून ही गोष्ट बघणाऱ्याला ती परकी वाटेलच कशी? धुळे-सोलापूर रस्ता इथून जातो आणि इथूनच केज, अंबाजोगाई करत लातूरची वाट फुटते. जून लागला की या चौकात पेट्या, वळकट्या आणि गप्प झालेली पोरं उतरतात, चहा घेतात, पुढच्या गाडीत चढतात. कुणाच्या बापानं वावर गहाण टाकलेलं असतं, कुणाच्या आईनं मंगळसूत्र. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत येऊन पोचला, तेव्हा याच हॉटेलात माणसं टीव्हीपुढं उभी होती. अभ्यास करून कमी पडलेल्या पोराला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे विचारायला कुणी आलं नाही. फेणे आला असता. त्याचं कामच ते आहे, मोठ्या माणसांनी मिटवून टाकलेली गोष्ट उकरून काढणं.

म्हणून म्हणतो, पुढच्या भागात त्याला पुण्यात ठेवू नका. भागवतांनी त्याला पुण्यात कोंडून ठेवलंच नव्हतं. त्यांचा फेणे गुलमर्गला गेला, प्रतापगडावर गेला, जंगलात गेला. मराठवाड्यात त्याला आणायला काय हरकत आहे?

इथं काय कमी आहे? बीडहून मांजरसुंब्याकडं येताना खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधलेली. आत उतरलं की जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा दिसतात. एकीकडून पाणी येतं आणि बोगद्यातून लांबच्या शेतांकडं निघून जातं. दुष्काळातही आटत नाही अशी तिची ख्याती. लहानपणी त्या काळोख्या तोंडापुढं उभं राहून आत काय असेल याचा विचार ज्यानं केला नाही, असा माणूस आमच्या पंचक्रोशीत सापडायचा नाही. तिचं नावच खजाना! साहसपटाला याहून जास्त काय लागतं? मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे, संत मन्मथस्वामींच्या समाधीशेजारी कोसळणारा धबधबा, बालाघाटाच्या कुशीतला. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत तिथं हरवलेला माणूस शोधायचा म्हटलं तर फेणेलाही घाम फुटेल. पुढं धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची हत्तीखान्याची लेणी. सगळं इथलंच.

आणि खलनायक? तोही शोधायला नको. दिवाळी झाली की आमच्या वाड्यावस्त्या ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघतात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापाबरोबर फडावरच्या कोपीत. वर्गातला बाक नोव्हेंबरात रिकामा होतो तो उन्हाळ्यापर्यंत. एका अशा रिकाम्या बाकाचा माग काढत सायकलवर निघालेला फेणे मला डोळ्यांपुढं स्पष्ट दिसतो. पहाटेच्या धुक्यात उसाचा फड, बैलगाड्यांची रांग, आणि त्या बाकावरच्या मैत्रिणीला घरी परत आणायचंच म्हणून पेटलेला तेरा वर्षांचा पोरगा. हे धाडस मी फेणेलाच करायला सांगतो, कारण त्याला ते जमेल आणि थेटरात बसलेल्या हजार पोरांना आपल्यालाही जमेल असं वाटेल.

तेरा वर्षांचा म्हणालो ते विचारपूर्वक. अमेय वाघनं काम जीव ओतून केलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चित्रपटातला फेणे डॉक्टर व्हायला निघालेला तरुण होता. पुस्तकातला फेणे शाळकरी आहे, आणि त्याची सगळी ताकद तिथंच आहे. पोलीस त्याचं ऐकत नाहीत, खिशात पैसे नाहीत, घरी वेळेवर पोचायचं असतं, तरी तो मागं हटत नाही. त्या वयाच्या पोराला पडद्यावर आपल्या वयाचा कुणीतरी दिसला पाहिजे.

सरपोतदारांना हे जमणार नाही असं नाही. ‘मुंज्या’त त्यांनी कोकणातल्या पारावरचं भूत घेतलं आणि २०२४ मध्ये सगळ्या देशाला दाखवलं. गावाकडची गोष्ट गावाच्याच रंगात सांगितली की ती लांब जाते, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलंय. पैसा आहे, माणसं आहेत, पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी जी पोरं पहिला भाग बघून टाळ्या पिटत होती ती आता नोकरीच्या फॉर्मच्या रांगेत उभी आहेत. आणखी थांबलात तर ती आपल्या लेकरांना घेऊन येतील, पण मधली एक पिढी कोरडी जाईल.

आणि नव्या फेणेसाठी पोरगा निवडायचा असेल तर निवड फक्त पुण्या-मुंबईत करू नका. एक दिवस बीडला ठेवा, एक केजला, एक अंबाजोगाईला. सायकल पोरं आपापली आणतील.