‘प्रोटेक्शन’ कुणाचं?

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ‘प्रोटेक्शन’ हा रोजचा शब्द. जनित्रात बिघाड झाला की रिले चालतो, ब्रेकर उघडतो आणि 210 मेगावॉटचा संच बंद पडतो. अब्बा ड्यूटीवरून येऊन सांगायचे, “आज प्रोटेक्शनवर ट्रिप झालं.” लहानपणी मी विचारलं, मग लोकांच्या घरातले दिवे? ते हसले. “बेटा, प्रोटेक्शन मशीनचं असतं, दिव्यांचं नाही.”

1986च्या कायद्याच्या नावातही हाच शब्द आहे : मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियम. शाहबानोची महिना 179 रुपये 20 पैशांची पोटगी सर्वोच्च न्यायालयाने 23 एप्रिल 1985 रोजी कायम केली होती. पुढच्याच वर्षी हा कायदा आला. इद्दत संपली की नवऱ्याची जबाबदारी संपली. पुढे मुलं, आईबाप, नातेवाईक, शेवटी वक्फ बोर्ड. कलम 125 हवं असेल तर तेव्हा नवऱ्याचीही संमती लागायची! माझ्या खालाला 1988 मध्ये तीन महिन्यांचे पैसे मिळाले. नंतरची वीस वर्षं तिने शिलाई मशीनवर काढली. संरक्षण झालं ते नवऱ्याच्या खिशाचं.

आपल्यातलेच काही म्हणतात, याच कायद्याने बायकांना एकरकमी मोठी रक्कम मिळाली. मिळाली, पण ती न्यायालयांनी अर्थ लावला म्हणून. इद्दतीच्या आत पुढच्या सगळ्या आयुष्याची तरतूद करावी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते 2001 मध्ये, दानियल लतिफी खटल्यात. पंधरा वर्षांत किती जणी खाला झाल्या असतील?

2019च्या कायद्यातही ‘संरक्षण’ आहेच. तिहेरी तलाक रद्द झाला, हे आम्हाला हवंच होतं. पण नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग, आणि त्याच कायद्यात बायकोला त्याच्याकडून निर्वाहभत्ता. तो आत बसून कुठून देणार? इतर धर्मांतला नवरा बायकोला नुसतं टाकून गेला, तर त्याला असा तुरुंग नाही.

ज्या कायद्याच्या नावात ‘मुस्लिम’ नाही, तो 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यातही संरक्षण आहे, संरक्षण अधिकारी आहे, आणि राहत्या घराचा हक्क आहे. गेल्या वर्षी खालाच्या नातीला सासरच्यांनी बाहेर काढलं, तेव्हा आम्ही याच कायद्याखाली अर्ज केला. ती आज त्याच घरात राहते.