बाळ रात्री झोपतं कुठं, हे कोणी विचारलं का?

नागभीडकरांनो, आज रस्त्यावरचे खड्डे, रेल्वेचं काम आणि वाघाची दहशत हे नेहमीचे विषय बाजूला ठेवतो. आज पाळण्यावर लिहितो. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते बोला.

श्रावणात माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. आठवडाभराने मोबाईल पुढे करून म्हणाली, "मामा, हा घेऊ का? पलंगाला लागून ठेवायचा पाळणा. चौदा हजाराचा आहे, पण हप्ते पडतात." जावई खाजगी नोकरीत, पगार अठरा हजार. फोटोत गोरंपान बाळ, पांढरी जाळी, मऊ मऊ गादी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'बाळाच्या सुरक्षेशी तडजोड नको'. म्हणजे ज्याच्या खिशात चौदा हजार नाहीत तो आपल्या लेकराच्या जिवाशी तडजोड करतो, असंच ना?

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काही गरज नाही. आपण सगळे बाजेवरच वाढलो." पत्रकार माणूस. मत नेहमी तयारच असतं.

बाळ झालं. सगळं ठीक होतं. अकराव्या रात्री माझी आई पहाटे उठली आणि सहज बाळंतिणीच्या खोलीत डोकावली. नवारीची बाज मधोमध झोळ झालेली. भाची दमून गाढ झोपलेली. बाळ घसरत घसरत तिच्या कुशीखाली गेलेलं आणि तोंड गोधडीत. आवाज नाही, हालचाल नाही. आईने झटक्यात उचललं, पाठ चोळली, तेव्हा कुठं ते रडलं. मग आई माझ्याकडे वळली. "लेख लिवतेस न रे मोठमोठे. ह्या बाजीची नवार कोन आवरन?"

बाळ आज दोन महिन्यांचं आहे, धडधाकट आहे. पण त्या पहाटेपासून माझं ते "काही गरज नाही" माझ्याच घशात अडकलं आहे. म्हणून ही पोस्ट.

पहिलं भांडण विकणाऱ्यांशी. महाग म्हणजे सुरक्षित, ही थाप आहे. अमेरिकेत फिशर-प्राइस या नामांकित कंपनीचा 'रॉक अँड प्ले' नावाचा तिरका झुलता बिछाना वर्षानुवर्षं विकला गेला. लाखो घरांत गेला. एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख बिछाने परत मागवावे लागले, कारण तोवर त्यात ३० हून जास्त बाळं दगावल्याच्या नोंदी झाल्या होत्या. तिरक्या जागेवर बाळाची मान पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते आणि नाजूक श्वासनळी दबते. ते कुशीवर वळलं तर नाक कापडात जातं. २०२२ मध्ये तिथे कायदा झाला की १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेला झोपेचा बिछाना विकायचाच नाही. ब्रँड मोठा होता, जाहिरात गोड होती, आणि तरीही हे घडलं.

दुसरी गोष्ट. पलंगाला जोडायचे हे पाळणे बॉक्सच्या, एका ठरावीक उंचीच्या पलंगासाठी बनवलेले असतात. तो पट्ट्याने पलंगाला घट्ट आवळला पाहिजे, आई झोपते ती गादी आणि पाळण्याची गादी एका पातळीत पाहिजे आणि दोघांमध्ये बोटभरही फट राहायला नको. आता हा पाळणा आपल्या नवारीच्या बाजेला लावून बघा. रात्री आई कुशीवर वळली की बाज दबणार, पातळी बदलणार, फट पडणार. चौदा हजार देऊन घरात फट विकत आणायची! हे जाहिरातवाला सांगेल का?

दुसरं भांडण आपल्याशी, म्हणजे माझ्याशी धरून सगळ्यांशी. "आमचे पाच पोरं ह्याच बाजीवर मोठे झाले जी," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. झाले, खरं आहे. पण जी लेकरं मोठी झाली नाहीत ती उभी राहून सांगायला येत नाहीत. आपल्या आज्यांना विचारा, किती झाली आणि किती राहिली. पाचवीच्या आत गेलेल्या बाळाचं नावसुद्धा ठेवलेलं नसायचं. "रात्री चांगलं होतं, सकाळी थंड पडलं, बाहेरची बाधा झाली," एवढीच त्याची नोंद. त्यातली किती बाधेने गेली आणि किती झोळ झालेल्या बाजेने, हे कोणी मोजलं?

आणि मोजलं की काय होतं ते आपल्याच शेजारी घडलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी सुरू केली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्याच धर्तीवर देशभर योजना आणली. आज आशाताई बाळ बघायला घरी येते ना, त्याचं मूळ आपल्या या जंगलात आहे. म्हणजे 'आमच्याकडे असंच चालते' हे वाक्य निदान आपल्या भागाने तरी बोलू नये.

आता घराघरातलं बोलतो. आयांना दोष देत नाही. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून बाई चिखलात उतरते, ती हौसेने नाही. ती झोळी लेकराला विंचू-मुंग्यांपासून वाचवते. पण झोळीत बाळ वाकडं होतं, मान दुमडते, कापड तोंडावर येतं. म्हणून झोळीवर कोणाची तरी नजर पाहिजे, आणि डोळा लागला की बाळाला काढून सपाट जागी निजवलं पाहिजे. रात्रभराची झोप झोळीत नको.

मग खाली जमिनीवर? पावसाळ्यात आपल्याकडे मण्यार घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि कित्येकदा दुखतसुद्धा नाही. त्यामुळे उंच जागा आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी ही आपल्याकडे चैन नाही. मलेरियाचा जिल्हा शेजारी आहे, हे वेगळं सांगायला नको.

बाजेखालची शेगडी. शेक द्यायचा तर जागेपणी, दार उघडं ठेवून, आणि मग निखारे बाहेर. बंद खोलीत रात्रभर कोळसा धुमसला की त्याचा विषारी वायू आई आणि बाळ दोघांनाही उठू देत नाही. त्याला वासही नसतो.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. नको. बारशात आलेली दुलई, लोड, टेडी, फुगे, सगळं कौतुकाने ठेवा, पण पाळण्याबाहेर. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपताना काढा. माझ्या आईने तो पायात बांधला आणि म्हणाली, नजर पायातूनही उतरते. वाद मिटला.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय : बाळाला उताणं झोपवा. अमेरिकेत १९९४ पासून एवढाच संदेश घरोघरी पोचवला आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले. उताणं झोपवलं तर दूध घशात जाईल ही भीती सगळ्यांना असते, पण निरोगी बाळाला त्याने जास्त ठसका लागत नाही, असं डॉक्टर सांगतात. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर मात्र माझं ऐकू नका, दवाखान्यात विचारा.

पाळणा घ्यायचाच असेल, नवा, जुना, कोणाचा उसना, तर टेप घेऊन जा. तळ सपाट आणि कडक पाहिजे, हाताने दाबलं तर खड्डा पडायला नको. गादी आणि कड यांत फट नको. गजांमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर अंग निसटतं आणि डोकं अडकतं. हलवून बघा, खिळे-स्क्रू बघा. झुलणारा असेल तर रात्री खुंटी लावून स्थिर करा. पलंगाला जोडायचा लहान पाळणा बाळ वळायला किंवा हातांवर उठायला लागलं की बंद. आणि तो आईच्या हाताच्या अंतरावर पाहिजे, दुसऱ्या खोलीत नाही.

यातलं काहीही जमत नसेल तर भक्कम लाकडी फळीवर घट्ट घडी केलेली पातळ सतरंजी, वरून मच्छरदाणी. आमच्या घरी सध्या तेच आहे. सुताराने चारही बाजूंना कठडा लावून दिला आणि पाय बाजेपासून वेगळे ठेवले. खर्च चौदा हजाराच्या पाव हिश्श्यातही बसला. म्हणजे भाचीचं बरोबर होतं, पाळणा हवाच होता. आणि माझंही थोडं बरोबर होतं, तो जाहिरातीतला नको होता.

तिसरं आणि खरं भांडण सरकारशी. कारण सुतार बोलवायची ऐपत आणि सावध झोपेची आई प्रत्येक घरात नसते.

राज्य सरकारने २०१९ मध्ये 'बेबी केअर किट' योजना आणली. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला दोन हजारांपर्यंतचं किट. त्यात कपडे, थर्मामीटर, मच्छरदाणी, लहान गादी, शाम्पू, मालिशचं तेल, खेळणी असं बरंच काही. कल्पना चांगली. पण दोन प्रश्न आहेत. एक, गादी दिली, ती ठेवायची कशावर? त्याच झोळ झालेल्या बाजेवर? दुसरा, किट फक्त पहिल्या बाळंतपणाला. दुसरं बाळ काय हवेत झोपतं? त्याला डास चावत नाहीत?

फिनलंड नावाचा देश १९३८ पासून बाळंतिणीला सामानाची पेटी देतो. आधी गरिबांना, १९४९ पासून सगळ्यांना. अट एकच : गरोदरपणी वेळेत तपासणीला यायचं. त्या साध्या पुठ्ठ्याच्या पेटीच्या तळाशी गादी असते, आणि कित्येक बाळं पहिले महिने त्या पेटीतच झोपली. सामान संपलं की पेटीच बाळाचा बिछाना. आपल्याकडे किटची पिशवी बाजाराला जाते.

आपल्याकडे तर पुठ्ठासुद्धा नको. बांबू आहे. सूप-टोपले विणून पोट न भरणारे बुरड कामगार आहेत. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं केलं आहे. सपाट तळाचा, घासून गुळगुळीत केलेला, मोजून गज बसवलेला, मच्छरदाणीसह एक बांबूचा पाळणा या जिल्ह्याला बनवता येत नाही? बालरोगतज्ज्ञांनी तपासावा, भार टाकून चाचणी करावी, आणि मगच वाटावा. बाळालाही जागा मिळेल, बुरडांनाही काम मिळेल. शोभेच्या वस्तू प्रदर्शनात मांडून झाल्या असतील तर आता कामाची वस्तू बनवा.

आणि दवाखान्यातला पाळणा? पवनी ओलांडली की भंडारा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १७ पैकी ७ बाळं वाचली, १० गेली. बहुतेक धुराने गुदमरून. चौकशीत ठिणगी बेबी वॉर्मरमधली, असं पुढे आलं. बाळाला ऊब द्यायचं यंत्र! अधिकारी निलंबित झाले, मदत जाहीर झाली, नेते येऊन गेले. पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या सरकारी रुग्णालयात तेच घडलं. त्याही रात्री १० बाळं गेली. सरकारच्या हातातला पाळणा असा असेल तर घरच्या बाजेवरून आईला उपदेश करायचा अधिकार कोणाला आहे?

म्हणून मागणी स्पष्ट लिहितो. एक, किट प्रत्येक बाळंतपणाला द्या आणि त्यात झोपायची सपाट, कडक, जाळीसह जागा द्या. दोन, आशाताईच्या घरभेटीत "बाळ रात्री कुठं झोपतं, दाखवा" हा प्रश्न घाला. योजना आली तेव्हा एका बाळाच्या सगळ्या भेटींचे तिला २५० रुपये ठरले होते. काम वाढवाल तर मोबदलाही वाढवा. तीन, नवजात कक्ष असलेल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात शेवटची अग्निसुरक्षा तपासणी आणि वॉर्मरची दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली, याचा फलक दारावर लावा.

या तीन मागण्यांचं निवेदन घेऊन मी सोमवारी तहसील कार्यालयात जाणार आहे. कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, किंवा हलायचा थांबला, त्यांनी यावं.

पण सोमवारपर्यंत थांबू नका. आज रात्री जेवणं झाली की बाळंतिणीच्या खोलीत जा, बाजेच्या मधोमध हात दाबून बघा. हात खाली गेला तर नवार आवळा, नाहीतर बाळाची जागा बदला. माझ्या आईला जे पहाटे दिसलं, ते तुम्ही झोपायच्या आधी बघा.