पिकअप घेताय? मग वहिनींनाही विचारा

आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितेय. आपल्या पानावर पिकअप गाडीचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण बचत गटाच्या बैठकीत बायका माझ्यासमोर जे कागद ठेवतात, त्यात अलीकडे रेशनकार्डापेक्षा गाडीच्या कर्जाचे कागद जास्त असतात. गाडी म्हणजे मोटार नव्हे बरं का. मागे हौदा असलेली, टोमॅटोचे क्रेट, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान आणि वेळ पडली तर लग्नाचं वऱ्हाडसुद्धा वाहणारी पिकअप. (मालाच्या गाडीतून वऱ्हाड नेणं कायद्यात बसत नाही, हे जाता जाता सांगून टाकते.)

साधी साडी घ्यायची तर आपण चार दुकानं हिंडतो. पोत बघतो, रंग जाईल का विचारतो, वर दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. आणि आठ-नऊ लाखांची गाडी? ती दुकानात जायच्या आधीच ठरलेली असते. "आपल्या घरात महिंद्राच!" विषय संपला. शेजारच्या घरी, "वडिलांनी जन्मभर ४०७ चालवली, आम्ही टाटा सोडून दुसरीकडे बघणार नाही." पारावर या दोन पक्षांची अशी जुंपते की निवडणुकीतसुद्धा इतका जोर नसतो. कोणाची गाडी घाटात बंद पडली, कोणाची उसाच्या चिखलातून निघाली, याच्या कथा वर्षानुवर्षं सांगितल्या जातात. त्या ऐकताना मला नेहमी वाटतं, ही गाडीची चर्चा नाही, ही माहेर-सासरची चर्चा आहे.

ही निष्ठा आभाळातून पडलेली नाही. महिंद्राच्या जीपा या देशात १९४७ पासून जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे नाशिकला कारखाना आला. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनांच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले, पुढे पिंपरीला कारखाना उभा केला, १९८६ मध्ये ४०७ आणली आणि २००५ मध्ये एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. आपल्यापैकी कित्येकींच्या घरातलं कोणी ना कोणी या कारखान्यांत कामाला होतं. ज्या कंपनीच्या पगारावर घर चाललं, तिचीच गाडी घ्यावी असं वाटलं तर त्यात नवल नाही. आणि 'टेंपो' हा शब्दच घ्या. तो एका जर्मन कंपनीचा छाप होता, आकुर्डीच्या बजाज टेंपोमुळे आपल्याकडे आला आणि आज आपण कुठल्याही मालगाडीला टेंपो म्हणतो. छाप माणसाच्या तोंडात बसला की मनातून निघत नाही.

हे आपल्याच लोकांचं खूळ आहे असंही समजू नका. अमेरिकेत तर पिकअप हीच घरची गाडी. तिथे १९७७ पासून फोर्डची एफ मालिका खपात पुढे आहे, आणि फोर्डवाली घरं नि शेव्हर्लेवाली घरं एकमेकांची टिंगल करत दोन-दोन पिढ्या काढतात. त्याहून जरा लहान, मध्यम गाड्यांमध्ये टोयोटाच्या टाकोमाचे भक्त वेगळे आणि फोर्डच्या रेंजरचे वेगळे. फरक इतकाच की तिथे बरेच जण हौसेने पिकअप चालवतात. आपल्याकडे तिच्यावर चूल पेटते.

मी एकदा आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींना विचारलं, "काका, खरं सांगा, कुठली गाडी चांगली?" ते हसले आणि म्हणाले, "ताई, ज्या गाडीचं स्पेअर संध्याकाळपर्यंत मिळतं ती चांगली." मला हे फार पटलं. लोक म्हणतात कंपनीवर विश्वास आहे, पण खरा विश्वास असतो तो तालुक्याच्या मिस्त्रीवर, त्याच्या समोरच्या स्पेअरच्या दुकानावर, आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक लगेच मिळेल यावर. पिकअपच्या बाजारात महिंद्राचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, म्हणून तिचे मिस्त्रीही जास्त, जुन्या गाडीला भावही बरा. भाजी नासते, दूध फुटतं. गाडी दोन दिवस उभी राहिली तर नुकसान दुरुस्तीच्या बिलापेक्षा मोठं असतं. तेव्हा निष्ठेला मी सरसकट वेड म्हणणार नाही.

पण मग हिशोब तरी याच गोष्टींचा मांडा ना! आपल्या गावापासून गॅरेज किती लांब, आपली खेप किती किलोची, रस्ता घाटाचा की सपाटीचा, महिन्याला भाडी किती. घरात हे कोणी मांडतच नाही. एका घरात पाहिलं, टोमॅटोचे ऐंशी-नव्वद क्रेट रोज बाजार समितीत न्यायचे. क्रेट वीस किलोचा धरला तरी सोळा-अठराशे किलो झाले. आणि घेतली काय, तर छोट्यातली छोटी गाडी, कारण 'आपल्या कंपनीची' तीच बजेटात बसत होती. पहिला छोटा हत्ती आला तो पाऊण टनाचा. त्याच्या पाठीवर दुप्पट ओझं टाकलं तर पाटे बसणार, टायर झिजणार, ब्रेक लागणार नाहीत. शिवाय जादा भाराला मोटार वाहन कायद्यात वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

त्याच पैशात किंवा थोड्या फरकात तीन कंपन्यांच्या गाड्या बघता येतात. महिंद्राची बोलेरो पिकअप आहे, टाटांची योद्धा (२०१७ मध्ये आली) आणि इंट्रा (२०१९) आहे, अशोक लेलँडची दोस्त २०११ पासून रस्त्यावर आहे. सव्वा-दीड टनापासून पुढे त्यांची वेगवेगळी रूपं मिळतात. बोलेरो आणि योद्धा नाक पुढे काढलेल्या, रांगड्या, शेतरस्त्याच्या. इंट्रा आणि दोस्त चपट्या तोंडाच्या, बाजारपेठेच्या गल्लीत वळायला सोप्या. सीएनजीही मिळतो, पण पंप तीस किलोमीटरवर असेल तर तो स्वस्तातला गॅस महाग पडतो. आणि ट्रायल घ्यायचीच तर रिकाम्या गाडीची कसली घेता? रिकामी गाडी कुठलीही पळते. हौद्यात माल भरून, आपल्याच रस्त्यावर, आपल्याच चढावर चालवून बघावी. शोरूमवाले कुरकुरतात, पण गिऱ्हाईक सोडत नाहीत.

आता आपल्या मुद्द्यावर येते. कंपनी ठरवताना ज्या बाईला कोणी विचारत नाही, तिला कर्जाच्या दिवशी मात्र आवर्जून बोलावतात. "वहिनी, इथे सही करा, नुसती फॉर्मालिटी आहे." ती नुसती फॉर्मालिटी नसते. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे हप्ते थकले तर वसुलीवाला आधी दादांकडे आणि मग वहिनींकडे असं काही नाही, तो थेट वहिनींच्या दारातही उभा राहू शकतो. बचत गटाचं पुढचं कर्ज मागायला गेलं की थकलेला हप्ता तिच्या नावावर दिसतो. डाऊन पेमेंटसाठी बांगड्या कुणाच्या गेल्या, हे तर मी सांगायलाच नको.

व्याजाचंही असंच. "फक्त ९ टक्के, वहिनी!" असं सांगतात, पण ते फ्लॅट असतं. पाच लाख चार वर्षांसाठी घेतले तर ९ टक्क्यांनी वर्षाचे ४५ हजार, चार वर्षांचे १ लाख ८० हजार व्याज, हप्ता साधारण १४,१६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर लावलेलं. घटत्या शिलकेवर मांडलं तर हा दर सोळा टक्क्यांच्या आसपास जातो. खरोखरचा ९ टक्के घटता दर असता तर हप्ता १२,४४२ च्या जवळपास आला असता आणि चार वर्षांत ऐंशी हजारांच्या वर वाचले असते. कंपनीवरून दोन महिने भांडणारी माणसं या ऐंशी हजारांवर दोन मिनिटं बोलत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी एक कागद सक्तीचा केला आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, आणि तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. तो कागद मागा. "तो नंतर पोस्टाने येईल," म्हणाले तर सहीही नंतरच करा. आणि कर्जाला तुमचं नाव चालत असेल तर आरसी बुकावर का चालत नाही, हेही घरात एकदा शांतपणे विचारा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत मालवाहू गाडी बसते, तिला तारण लागत नाही, आणि अर्ज बाईच्या नावाने करता येतो.

आमच्या गटातली एक जण दुधाच्या संकलनाचं काम करते. तिने मागच्या वर्षी चारचाकीचं लायसन काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की एकूण साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवायला हे साधं लायसन पुरतं. आता तिच्या घरी पिकअपचं चाललंय. सासरे म्हणतात टाटा, धाकटे भाऊजी म्हणतात महिंद्रा. तिने दोन्हीकडची कोटेशन आणली आहेत, तिसरं दोस्तचं आणलंय, आणि परवा शोरूममध्ये निरोप धाडलाय की रविवारी गाडी घेऊन या, दुधाचे कॅन आम्ही भरून ठेवतो.