पाळीचा खाडा

“ताई, पिशवी काढून टाकली.” सोनपेठ तालुक्यात बाया हे दाढ काढल्यासारखं सांगतात. गर्भाशयाला इथं पिशवीच म्हणतात. पोळ्याच्या आसपास आमच्या ओसरीवर बसलेल्या एका ऊसतोड बाईनं मला ते असंच सांगितलं. वय तिशीच्या आतबाहेर. उठताना तिनं एक हात कमरेवर आणि एक भिंतीवर टेकवला.

का काढली? तर पाळीत उसाची मोळी उचलवत नव्हती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचं, पाय घसरला तर संपलं. एक दिवस कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पडून राहावं तर खाडा. खाड्याचे 500 रुपये हंगामाआधी घेतलेल्या उचलीतून वजा. फडात आडोसा नाही, म्हणून ती दिवसभर पाणी पीत नव्हती. पाळीच्या कापडाची घडी पाटाच्या पाण्यात धुवायची आणि ओलीच वापरायची. अंगावरून जायला लागलं, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, ऑपरेशनला पैसे मजूर पुरवणाऱ्या मुकादमानं दिले. ते फेडायला पुढच्या हंगामात टाके ओढत असताना ती पुन्हा फडात उभी राहिली.

2019 साली बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक! मग काय केलं? जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांनी पिशवी काढायची नाही, असा फतवा निघाला. डॉक्टरांना वेसण हवीच होती. पण ज्या फडानं बाईला दवाखान्यात ढकललं, तिथं काय बदललं? आणि ती मोजणी बीडची. बीडमधल्या परळीहून परभणीतल्या सोनपेठला येताना जिल्हा बदलतो; मुकादम, उचल, खाडा तेच राहतात.

कारखान्याच्या कुंपणाच्या आत कायदा आहे. 1948च्या कारखाने अधिनियमानंच पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचाराची पेटी बंधनकारक केली. तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघरही त्यानंच सक्तीचं केलं. त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या बाईचं लेकरू मात्र बांधावर पाचटात झोपतं, आणि त्याच पाचटात साप निघतो. कारखान्याला विचारा, तो म्हणतो ही माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी नुसती टोळी आणतो. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’. अवजाराला पाळी येत नाही, बाळंतपण येत नाही, म्हणून त्याची रजाही कुणाला देणं लागत नाही.

ही लबाडी आहे, आणि ती कारखान्यांच्याच कागदावर उघडी पडते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला. कामगार संघटनांसमोर तो करायला कोण बसलं होतं? कारखान्यांचाच साखर संघ. दर ठरवताना तुम्ही मालक, आणि संडास मागितला की परके? ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाकडे बोट दाखवू नका. गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घ्यायचंही ठरलं. पण महामंडळ मदत देईल. कामाची जागा माणसाला उभं राहण्याजोगी ठेवणं हे काम देणाऱ्याचंच काम आहे, ते वर्गणी भरून फिटत नाही.

मागणी डोंगराएवढी नाही. पुढच्या दरकरारात दराखालीच लिहा: टोळीमागे फिरते संडास, कोप्यांपाशी स्वच्छ पाणी, पाळीला आणि आजारपणाला खाडा नाही, बाळंतिणीला मजुरीसह रजा, आठवड्याला फडावर डॉक्टरची फेरी. जो कारखाना हे करणार नाही, त्याला गाळप परवाना मिळता कामा नये.

आणि माझ्या तालुक्यातल्या ऊस उत्पादकांनो, तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या बिलातून कापला जातो. म्हणजे त्या बाईच्या मजुरीचा पैसा आपला आहे, तेव्हा विचारायचा हक्कही आपला आहे. यंदा बिल हातात आलं की कारखान्याच्या शेतकी विभागात जा, त्या कपातीवर बोट ठेवा आणि यातला किती पैसा संडासावर आणि पाण्यावर गेला, ते लेखी मागा.